आकड्यांपासून निर्णयापर्यंत: कार्यक्रम मूल्यमापनात डेटाचे विश्लेषण आणि मूल्यनिर्णय कसा करावा

पावसाळ्यात कोल्हापूरचा माणूस सकाळी उठल्यावर आधी राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी पाहतो. ४१ फूट ही नोंद स्वतःहून काहीच सांगत नाही. ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी आधीपासून ठरलेली आहे, म्हणून त्या नोंदीला अर्थ येतो आणि नदीकाठचे लोक जनावरे सोडायची की नाही हे ठरवू शकतात. पाणी चढत असताना धोका नेमका कितीला मानायचा यावर कोणी बैठक बोलावत नाही. सामाजिक कार्यक्रमांच्या मूल्यमापनात मात्र बहुतेक वेळा हीच बैठक शेवटी होते: आधी डेटा गोळा होतो, मग आलेख तयार होतात, आणि अहवाल लिहायच्या आठवड्यात हा आकडा चांगला म्हणायचा की वाईट, याचा शोध सुरू होतो.

काही वर्षांपूर्वी एका संस्थेच्या वाचनवर्गांचा अहवाल मी गावातल्या शाळा व्यवस्थापन समितीपुढे वाचून दाखवत होतो. "मुलांची प्रगती समाधानकारक आहे" या वाक्यापाशी एका आईने मला थांबवले आणि विचारले, "समाधानकारक म्हणजे कुणाचं समाधान ओ, सर?" माझ्यापाशी टक्केवारी होती, आलेख होते, पण त्या प्रश्नाचे उत्तर नव्हते. ते उत्तर अहवालात असावे यासाठी काम कोणत्या क्रमाने करावे, ते या लेखात मांडले आहे.

पूर्ण लेखात एकच काल्पनिक उदाहरण वापरतो. समजा, एक संस्था जिल्हा परिषदेच्या २० शाळांत तिसरी-चौथीच्या मुलांसाठी संध्याकाळचे वाचनवर्ग चालवते. त्यातल्या १० शाळा शिरोळ तालुक्यात नदीकाठी आहेत आणि १० शाहूवाडीच्या डोंगराळ भागात. मुलांची चाचणी, ग्रामीण मुलांचे वाचन-गणित तपासणाऱ्या 'असर' सर्वेक्षणामुळे परिचित झालेल्या अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट या पातळ्यांवर वर्षाच्या सुरुवातीला आणि शेवटी घेतली आहे. पुढचे सर्व आकडे केवळ हिशोब समजावा म्हणून घेतले आहेत.

पहिली पायरी: प्रश्न निर्णयाचा आहे का, ते तपासा

"किती मुले वर्गाला आली?" हा माहितीचा प्रश्न आहे. "ज्यांना सर्वांत जास्त गरज होती, त्या मुलांपर्यंत वर्ग पुरेसा पोहोचला का?" हा मूल्यमापनाचा प्रश्न आहे, कारण त्यात 'गरज' आणि 'पुरेसा' हे दोन शब्द आपल्याकडून भूमिका मागतात. असे तीन ते पाच मुख्य प्रश्न ठरवावेत. त्याहून जास्त झाले की एकाचेही उत्तर नीट मिळत नाही. प्रश्नावलीतला प्रत्येक प्रश्न या तीन-पाचपैकी कशासाठी आहे हे सांगता आले नाही, तर तो काढून टाकावा. माहिती गोळा करून झाली असेल तरी ही पायरी टाळू नये.

दुसरी पायरी: निकष कुठून आणायचे

मायकेल स्क्रिव्हन या मूल्यमापनशास्त्रज्ञांनी मूल्यनिर्णयाचा तर्क चार टप्प्यांत मांडला: निकष ठरवणे, त्या निकषांवर पातळ्या ठरवणे, कामगिरी मोजून त्या पातळ्यांशी ताडून पाहणे, आणि हे सर्व एकत्र करून निर्णय देणे. बहुतेक अहवालांत फक्त तिसऱ्या टप्प्याचा अर्धा भाग, म्हणजे मोजणी, सापडते.

निकषांची तयार यादी हवी असेल तर आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या विकास साहाय्य समितीची आहे. १९९१ मध्ये तिने सुसंबद्धता (काम गरजेला धरून आहे का), परिणामकारकता, कार्यक्षमता, प्रभाव आणि टिकाऊपणा हे पाच निकष मांडले आणि २०१९ मध्ये सुसंगती (इतर कामांशी मेळ आहे का) हा सहावा जोडला. यादी उपयोगी आहे, पण ती विचाराला सुरुवात करून देण्यापुरतीच. आपल्या कार्यक्रमात 'चांगले' म्हणजे काय हे त्या यादीत लिहिलेले नसते. ते पालकांना, शिक्षकांना, वर्ग घेणाऱ्या स्वयंसेवकांना आणि मुलांना विचारावे लागते. शाहूवाडीतल्या वाडीवस्तीवर हा प्रश्न विचारला तर वाचनाच्या आधी "पोरगं अंधार पडायच्या आत घरी यावं" हे उत्तर येण्याचा संभव मोठा आहे, कारण वाट रानातून जाते आणि गवे वस्तीजवळ येतात. हा निकष कोणत्याही आंतरराष्ट्रीय यादीत या शब्दांत मिळणार नाही, आणि तरीही तो पहिल्या क्रमांकाचा आहे.

सर्वांत मागे राहिलेल्यांचे काय झाले, हा निकष मी प्रत्येक मूल्यमापनात घालतो. ज्या करवीर (कोल्हापूर) संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले, तिथे शिकणाऱ्यांची सरासरी पाहून समाधान मानणे मला पटत नाही. शिक्षणापासून कोण दूर राहिले, हा तिथला मूळ प्रश्न होता.

निकष निवडताना एक धोका ध्यानात ठेवावा. शाहू मार्केट यार्डात गुळाचा सौदा होतो तेव्हा काटा वजन सांगतो, पण दर ठरतो तो रंग, कणी, टणकपणा आणि चव पाहून. त्यातला पिवळाधमक रंग हा निकष वरचढ झाला, तेव्हा गुऱ्हाळावर रस उकळताना हायड्रॉससारखी रसायने घालून रंग उजळण्याची सवय पडली. रंग वाढला, गूळ सुधारला नाही. कार्यक्रमातही ज्या एका गोष्टीला आपण गुण देतो तीच पुरवली जाते. 'गोष्ट वाचता येणे' एवढाच निकष ठेवला, तर स्वयंसेवक तीच गोष्ट वर्षभर घोकून घेतील. म्हणून शेवटच्या चाचणीत मजकूर नवा असावा आणि वाचलेले समजले का, याचा वेगळा निकष असावा.

तिसरी पायरी: पातळ्या डेटा उघडण्याआधी लिहा

निकष म्हणजे कशावरून जोखायचे, आणि पातळी म्हणजे किती झाले की चांगले म्हणायचे. प्रत्येक निकषासाठी शब्दांत लिहिलेली पातळ्यांची सारणी करावी. मूल्यमापनाच्या क्षेत्रात तिला सर्रास रुब्रिक म्हणतात. 'मागे राहिलेल्या मुलांची प्रगती' या निकषासाठी ती अशी असू शकते. सुरुवातीला अक्षर किंवा त्याखालच्या पातळीवर असलेल्या मुलांपैकी किमान तीन चतुर्थांश मुले वर्षात वरच्या पातळीवर गेली, आणि मुली, स्थलांतरित कुटुंबांतली मुले व वाडीवस्तीवरची मुले यांच्यात मोठे अंतर उरले नाही, तर 'उत्तम'. निम्म्याहून अधिक मुले वर गेली, पण एखाद्या गटात स्पष्ट अंतर उरले, तर 'चांगले'. साधारण निम्मी वर गेली तर 'पुरेसे'. निम्मीही गेली नाहीत तर 'अपुरे'. कार्यक्रमामुळे एखाद्या गटाचे नुकसान झाले, उदाहरणार्थ मागची मुले वर्गात हिणवली गेल्याने शाळाच सोडू लागली, तर 'हानिकारक'. हा शेवटचा रकाना बहुतेक सारण्यांत नसतो. तो जरूर ठेवावा, कारण रकाना नसेल तर ती गोष्ट कोणी शोधतही नाही.

तीन चतुर्थांश किंवा निम्मे या मर्यादा कुठून आल्या, असे कोणी विचारले तर कारण सांगता आले पाहिजे. मागील वर्षांची प्रगती, तशाच इतर कार्यक्रमांचा अनुभव, शाळेची स्वतःची अपेक्षा, पालकांचे मत या सर्वांचा आधार घेऊन मर्यादा ठरवावी आणि ते कारण सारणीच्या खाली दोन ओळींत लिहून ठेवावे. मर्यादा चुकीची निघू शकते. पण निकाल पाहून ठरवलेली मर्यादा चुकली की बरोबर हेसुद्धा कळत नाही, कारण ती निकालाच्याच मापाने शिवलेली असते.

काही निकष किमान अटीचे असतात. अंधारात मूल एकटे घरी जात असेल तर वाचनातल्या कितीही मोठ्या प्रगतीने त्याची भरपाई होत नाही. कोणते निकष असे आहेत, त्यावर याच टप्प्यावर खूण करावी.

चौथी पायरी: डेटा साफ करणे आणि गैरहजरांचा हिशोब

नावांची वेगवेगळी स्पेलिंगे, दोनदा भरलेल्या नोंदी, शाळा बदललेली मुले ही कामे कंटाळवाणी असली तरी सरळ आहेत. मूळ फाइल कधीही बदलू नये, प्रत घेऊन तिच्यात दुरुस्ती करावी आणि प्रत्येक दुरुस्तीची नोंद वेगळ्या शीटमध्ये ठेवावी, एवढे पथ्य पुरे.

खरी अडचण जी मुले शेवटच्या चाचणीला नसतात त्यांची आहे. समजा, सुरुवातीला ४०० मुले होती आणि त्यांपैकी ८० जण, म्हणजे २० टक्के, गोष्ट वाचत होती. शेवटी ३२० मुले सापडली आणि त्यांपैकी १४४ जण, म्हणजे ४५ टक्के, गोष्ट वाचू लागली. घाईत कोणीही लिहील की प्रगती २५ टक्केबिंदूंची (दोन टक्केवारींमधल्या थेट फरकाची) झाली. आता न सापडलेल्या ८० मुलांची सुरुवातीची नोंद काढून पाहा. त्यांच्यातली फक्त ८ मुले गोष्ट वाचत होती. म्हणजे जी ३२० मुले राहिली त्यांच्यात सुरुवातीलाच ७२ जण, अर्थात २२.५ टक्के, वाचणारी होती, आणि त्यांची प्रगती २२.५ टक्केबिंदू इतकीच आहे. उरलेले अडीच टक्केबिंदू कमकुवत मुले यादीतून गळल्यामुळे दिसत होते. गेलेली मुले होती तिथेच राहिली असे धरले, तर ४०० पैकी १५२ मुले, म्हणजे ३८ टक्के, वाचतात असे निघते. अहवालात ४५ आणि ३८ हे दोन्ही आकडे द्यावेत आणि त्यांच्यातला फरक कशाने पडला तेही सांगावे.

पाचवी पायरी: सरासरीत दोन तालुके एकत्र शिजवू नका

शितावरून भाताची परीक्षा होते, पण भात एकाच भांड्यात शिजलेला असेल तर. शिरोळ आणि शाहूवाडी ही दोन वेगळी भांडी आहेत. राहिलेल्या ३२० मुलांपैकी प्रत्येक तालुक्यातली १६० धरली आणि शिरोळमध्ये गोष्ट वाचणारी मुले ४० वरून ६० झाली, शाहूवाडीत ३२ वरून ८४, तर पहिल्या ठिकाणी वाढ १२.५ टक्केबिंदूंची आहे आणि दुसऱ्या ठिकाणी ३२.५ ची. दोन्हींची सरासरी २२.५ येते, पण तो आकडा दोन्हींपैकी एकाही तालुक्याचे वर्णन करत नाही.

शिवाय मुले वर्षभरात वर्गाशिवायही थोडीफार शिकतातच. म्हणून कार्यक्रम नसलेल्या, पण तशाच परिसरातल्या शाळांशी तुलना हवी. समजा, शिरोळमधल्या अशा शाळांत वाढ ११ टक्केबिंदूंची आहे आणि शाहूवाडीतल्या शाळांत १५ ची. दोन्ही वाढींमधला फरक काढला तर शाहूवाडीत १७.५ टक्केबिंदू उरतात आणि शिरोळमध्ये दीड. १६० मुलांत दीड टक्केबिंदू म्हणजे दोन-तीन मुले. तेवढ्यावर 'कार्यक्रमाचा परिणाम झाला' असे म्हणू नये. एका शाळेतली मुले एकमेकांसारखी असतात, त्यामुळे ३२० मुले म्हणजे ३२० स्वतंत्र पुरावे नव्हेत. खात्रीच्या दृष्टीने आपला नमुना २० शाळांचा आहे हे विसरू नये, आणि सांख्यिकीय कसोटी लावायची असेल तर ती या गटरचनेचा हिशोब धरणारी असावी.

वाचनपातळ्यांना १, २, ३, ४ असे गुण देऊन त्यांची सरासरी काढण्याचा मोह टाळावा. अक्षरावरून शब्दावर जाणे आणि परिच्छेदावरून गोष्टीवर जाणे ही सारख्या अंतराची पावले नाहीत. त्याऐवजी सुरुवातीच्या पातळ्या उभ्या आणि शेवटच्या पातळ्या आडव्या मांडून, कोण कुठून कुठे गेले याचा तक्ता करावा. एक्सेलमध्ये पिव्हट टेबल या गटवार मोजणीच्या सोयीने हे काही मिनिटांत होते. समजा, त्या तक्त्यात दिसले की सुरुवातीला अक्षर किंवा त्याखाली असलेल्या ९० मुलांपैकी ५४ मुले वर्षाअखेर तिथेच आहेत. म्हणजे ६० टक्के मुले हलली नाहीत. गोष्ट वाचणाऱ्यांची वाढ बहुतांशी आधीच परिच्छेदापर्यंत पोहोचलेल्या मुलांमुळे झाली. आपल्या सारणीनुसार या निकषावर कार्यक्रम 'अपुरा' ठरतो, आणि एकूण सरासरी कितीही आकर्षक असली तरी हे बदलत नाही.

सहावी पायरी: मुलाखतींचे विश्लेषण

मुलाखती शब्दशः उतरवाव्यात आणि बोली सुधारू नये. कोल्हापूरकडे मुली आणि बायकाही "मी जातो", "मी आलो" असे सहज बोलतात. पुण्या-मुंबईकडचा लेखनिक ते पुरुषाचे बोलणे समजून नोंद करतो किंवा 'जाते' असे दुरुस्त करतो. बोलणाऱ्याचे लिंग, गाव आणि नाते वेगळ्या रकान्यात मुलाखतीच्या वेळीच लिहावे, क्रियापदावरून ओळखू नये.

त्यानंतर प्रत्येक विधानाला एक-दोन शब्दांची खूण द्यावी: 'वेळ', 'अंधार', 'पूर', 'घरकाम', 'गोडी लागली'. पहिल्या पाच-सहा मुलाखतींनंतर खुणांची यादी पक्की करावी आणि सर्व मुलाखती त्या यादीने पुन्हा वाचाव्यात. दुसऱ्या व्यक्तीने काही मुलाखती स्वतंत्रपणे वाचून खुणा द्याव्यात. जिथे दोघांच्या खुणा जुळत नाहीत तिथे बहुधा खुणेची व्याख्याच धूसर असते. मग सर्वांत महत्त्वाचे काम येते, ते म्हणजे आपल्या निष्कर्षाच्या विरोधातली विधाने मुद्दाम शोधणे. एक सुंदर वाक्य सापडले की ते अहवालाच्या मुखपृष्ठावर घालावेसे वाटते. त्याआधी त्याच प्रश्नावर इतर लोक काय म्हणाले ते मोजून घ्यावे.

सातवी पायरी: कारण कार्यक्रमच आहे का

शाहूवाडीतली वाढ वाचनवर्गांमुळेच झाली, हे गृहीत धरू नये. केंद्र सरकारचे 'निपुण भारत' अभियान २०२१ पासून पायाभूत साक्षरता आणि संख्याज्ञानावर भर देत आहे. एखाद्या शाळेत नवे तळमळीचे शिक्षक आले असतील. एखाद्या गावात शिकवणी सुरू झाली असेल. प्रत्येक पर्यायी कारण कागदावर मांडून, ते खरे असते तर डेटात काय दिसले असते, असे विचारावे. निपुणमुळेच वाढ झाली असती तर तुलनेच्या शाळांतही तेवढीच दिसली असती. वर्गांमुळे झाली असेल तर जी मुले जास्त दिवस आली ती जास्त पुढे गेलेली दिसावीत. मात्र नियमित येणारी मुले मुळातच उत्साही असू शकतात, म्हणून एकाच सुरुवातीच्या पातळीवरच्या मुलांची आपसात तुलना करावी.

शिरोळचे उलट आहे. तिथे परिणाम का दिसला नाही? समजा, मुलाखतींत पुन्हा पुन्हा 'पूर' ही खूण येते: जुलै-ऑगस्टमध्ये वर्ग बंद, शाळेच्या खोल्यांत पूरग्रस्त कुटुंबे, आणि स्वयंसेवक मुलींची घरेही पाण्यात. संस्था म्हणेल की ही नैसर्गिक आपत्ती होती, तिचा दोष कार्यक्रमाला देऊ नये. इथे डेटा संपतो आणि मूल्यनिर्णय सुरू होतो. माझे मत स्पष्ट आहे. २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षी ज्या भागाने महापूर पाहिला, तिथे पूर हा अपवाद धरून वेळापत्रक आखणे ही आखणीतली उणीव आहे. स्वयंसेवकांच्या मेहनतीवर तिचा ठपका ठेवू नये, पण निर्णयातून ती वगळूही नये.

आठवी पायरी: निर्णयाची बैठक

प्रत्येक निकषासाठी एक पान करावे. वर निकष आणि पातळ्यांची सारणी, खाली आकडे, मुलाखतींतले मुद्दे, प्रत्यक्ष पाहणीच्या नोंदी आणि प्रत्येक पुराव्याची मजबुती. ही पाने घेऊन मूल्यमापन करणारे, संस्थेचे दोन-तीन कार्यकर्ते, एक-दोन शिक्षक आणि पालक असे आठ-दहा जण अर्धा दिवस बसावेत. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि निम्म्या महिला असाव्यात असे शिक्षण हक्क कायदा सांगतो, त्यामुळे पालक शोधायला लांब जावे लागत नाही. प्रत्येकाने आधी आपली पातळी चिठ्ठीवर लिहावी आणि मग चर्चा करावी. नाहीतर संस्थाप्रमुख पहिल्यांदा बोलतात आणि उरलेले मान डोलावतात.

निकषांना गुण देऊन बेरीज करू नये. बेरजेत अंधारातून घरी जाणारे मूल आणि सुधारलेले वाचन एकमेकांना कापून टाकतात. आधी किमान अटींचे निकष पाहावेत. एखादी अट मोडली असेल तर ते निर्णयाच्या पहिल्या वाक्यात यावे. मग उरलेल्या निकषांवर कोणते जास्त महत्त्वाचे आणि का, हे शब्दांत लिहावे. आकडे एक सांगतात आणि माणसे दुसरे, असे झाले तर कोण खोटे बोलते हे शोधण्याआधी दोघे वेगवेगळ्या गोष्टीबद्दल बोलत आहेत का, ते तपासावे. शिरोळमधल्या आया वर्ग चांगला होता असे म्हणत असतील, तर कदाचित त्या मुलांना लागलेल्या गोडीबद्दल बोलत असतील आणि चाचणी वाचनपातळीबद्दल. दोन्ही खरे असू शकते. एकमत झाले नाही तर मतभेद कारणांसह नोंदवावा.

नववी पायरी: निर्णय लिहिणे आणि परत गावात नेणे

निर्णयाच्या वाक्यात निकष, पातळी, पुरावा, कोणासाठी आणि किती खात्रीने या पाच गोष्टी असाव्यात. आपल्या उदाहरणात ते असे होईल: "शाहूवाडीतल्या शाळांत गोष्ट वाचणाऱ्या मुलांची वाढ तुलनेच्या शाळांपेक्षा १७.५ टक्केबिंदूंनी जास्त आहे, ही 'चांगली' कामगिरी आहे आणि तिच्यात वर्गांचा वाटा असल्याची खात्री मध्यम आहे. शिरोळमध्ये परिणाम दिसत नाही आणि त्याचे मुख्य कारण पुराचा विचार न करता आखलेले वेळापत्रक हे आहे. दोन्ही तालुके मिळून सर्वांत मागे असलेल्या मुलांसाठी कार्यक्रम 'अपुरा' आहे. आणि काही वाड्यांवर मुले अंधार पडल्यावर एकटी घरी जात असल्याने तिथले वर्ग आहेत त्या वेळेत चालू ठेवू नयेत." वाक्य लांब आहे, पण त्यातला प्रत्येक भाग खोडून काढायचा तर काय दाखवावे लागेल, हे वाचणाऱ्याला कळते.

हा निर्णय छापण्याआधी गावात वाचून दाखवावा, टक्केबिंदू बाजूला ठेवून, "दहा मुलांतली इतकी" अशा भाषेत. आक्षेप आले तर ते त्या त्या निकषाच्या पानावर लिहावेत. पुराव्याने निर्णय बदलत असेल तर बदलावा, आणि बदलला नाही तर का बदलला नाही ते आक्षेपाच्या खालीच लिहावे. निकषांची पाने, पातळ्यांच्या सारण्या आणि दुरुस्त्यांची शीट संस्थेकडे एकत्र ठेवावी, म्हणजे पुढच्या जूनमध्ये वर्ग सुरू होण्याआधी पातळ्यांवरची चर्चा तिथूनच पुढे सुरू करता येईल.